जोखमीचं गरोदरपण आणि नवजात बाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भवती बायका, त्यांचे नवरे आणि घरातली वडीलधारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषधाचा डोस आणि प्रसूतीचा दिवस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. मात्र तो तसा का ठरला, हे तुम्हाला कळलं पाहिजे. कळलं की तुम्ही वेळेवर दवाखान्यात पोहोचता, आणि या विषयात वेळेवर पोहोचण्याला फार मोल आहे.

माझ्या फाइलवर ‘हाय रिस्क’ लिहिलंय. बाळाला काही झालंय का?

बहुतेक वेळा बाळाला काहीही झालेलं नसतं. इतर गर्भवतींपेक्षा तुमच्याकडे जास्त बारकाईने लक्ष ठेवायला हवं, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. आईचं वय १८ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त असणं, आधीचं सिझेरियन, आधी दिवस भरायच्या आत झालेली प्रसूती किंवा पोटात दगावलेलं बाळ, बीपी, मधुमेह, थायरॉइड, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, फिट्स, रक्त कमी असणं, जुळं, खाली असलेली वार (बाळाला पोसणारी प्लासेंटा), निगेटिव्ह रक्तगट यातलं एखादं कारण असलं तरी हा शेरा येतो. असा शेरा असलेल्या बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. ज्यांच्या फाइलवर काहीच लिहिलेलं नाही, त्यांनाही सातव्या-आठव्या महिन्यात अचानक बीपीचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून प्रत्येक भेटीत बीपी मोजून घ्यायचंच, मग मागच्या वेळी ते कितीही चांगलं असो.

बीपी १४०/९० आलंय, पण मला काहीच त्रास होत नाही. तरी गोळ्या घ्यायच्या?

हो. या आजारात त्रास जाणवायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असू शकतो.

२० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची सुरुवात वारेत होते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळावं. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त अपुरं पडतं. मग वारेतून आईच्या रक्तात अशी द्रव्यं जातात, की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांची आतली बाजू बिघडते. बीपी वाढणं हा त्याचा एक भाग झाला. तिकडे बाळाचं पोषणही कमी पडत असतं, त्यामुळे बीपी असलेल्या आईचं बाळ बरेचदा वजनाने लहान भरतं.

बीपीच्या गोळ्यांनी मूळ आजार जात नाही. आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून त्या द्यायच्या असतात. आजार उतरू लागतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. त्यामुळे ‘गोळ्या घेऊनही बीपी पुन्हा वाढलं, म्हणजे औषध चुकलं’ असं समजून स्वतःहून गोळ्या बंद करू नका.

मग ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

कपाळात किंवा डोक्याच्या मागे ठणकणारं, गोळीने न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, अंधारी किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, जे पुष्कळ जणी पित्त समजून अंगावर काढतात, चेहऱ्याला आणि हाताला एकाएकी आलेली सूज, लघवी कमी होणं, धाप लागणं. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. बीपी १६०/११० किंवा त्याहून वर असेल तर लक्षणं नसली तरी ती तातडीची वेळ आहे.

अशा वेळी या आजारात येऊ शकणारे झटके (फिट्स) टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. ते देताना अंगात गरम वाफ आल्यासारखं होतं, मळमळतं. घाबरून ते बंद करायला सांगू नका. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं. इतकं जुनं, साधं आणि इतक्या आयांना वाचवणारं औषध प्रसूतिशास्त्रात क्वचितच सापडेल.

प्रसूती झाली, आता बीपीची काळजी संपली ना?

नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सर्वांत जास्त चढतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आई घरी गेलेली असते. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आईचं बीपी कोणी मोजत नाही. पहिला आठवडा मोजत राहा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. वर दिलेली लक्षणं बाळंतपणानंतरही तितकीच धोक्याची आहेत. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, तेव्हा वर्षातून एकदा बीपी तपासण्याची सवय कायम ठेवा.

साखर फक्त गरोदरपणातच वाढली आहे. त्याने बाळाला काय होणार?

आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागतं. त्या इन्सुलिनमुळे बाळ अंगाने, विशेषतः खांद्यांनी आणि पोटाने भरतं. ४ किलोंच्या वर गेलेल्या बाळाचं डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते.

जन्मानंतरची अडचण वेगळीच. नाळ कापली की आईकडून येणारी साखर त्या क्षणी बंद होते, पण बाळाच्या अंगातलं इन्सुलिन तसंच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर खाली येते. टाचेला टोचून रक्ताचा थेंब का घेतात, असं विचारत आजी-आजोबा कळवळतात, त्याचं कारण हे आहे. साखर फार वेळ खाली राहिली तर मेंदूला इजा होऊ शकते. टाळण्याचा पहिला उपाय साधा: जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं आणि नंतर दर दोन-तीन तासांनी पाजत राहणं.

गरोदरपणात उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर राहावी, असं साधारण लक्ष्य असतं. आहार आणि चालण्याने ती राहिली नाही तर इन्सुलिन घ्यायला कचरू नका, ते बाळापर्यंत पोहोचत नाही. प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा चाचणी करा. ही चाचणी बहुतेक जणी विसरतात, आणि कायमचा मधुमेह जडण्याचा धोका त्यांनाच असतो.

हिमोग्लोबिन ९ आहे. एवढं मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोक्याचं. कमी रक्ताने बाळ लहान राहण्याची आणि आधी जन्मण्याची शक्यता वाढते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रसूतीच्या वेळी जो रक्तस्राव एखादी बाई सहज सोसते, तोच रक्त कमी असलेल्या बाईच्या जिवावर बेततो. गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर शिरेतून लोह देता येतं, म्हणून गोळ्या गुपचूप सोडून देण्यापेक्षा सांगा.

सोनोग्राफीत ‘बाळाची वाढ कमी’ असं आलंय. डॉपलर कशासाठी?

काही बाळं घराण्यानेच बारीक असतात आणि अगदी ठणठणीत असतात. काहींना मात्र वारेतून पुरेसं मिळत नसतं. दोन्हींचं वजन कागदावर सारखंच दिसेल. त्यांच्यातला फरक ओळखायला डॉपलर लागतं.

या सोनोग्राफीत नाळेतल्या रोहिणीतला (धमनीतला) रक्ताचा प्रवाह पाहतात. पडद्यावर ओळीने टेकड्या दिसतात. प्रत्येक टेकडी म्हणजे बाळाच्या हृदयाचा एक ठोका. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त वारेकडे वाहत राहायला हवं, म्हणजे दोन टेकड्यांमधली दरी तळाला टेकत नाही. वार घट्ट, रोगट झाली की ही दरी खोल होते. आणखी बिघडलं की मधल्या वेळात प्रवाह थांबतो, आणि सर्वांत गंभीर अवस्थेत तो उलटा फिरतो. अहवालातल्या या एका ओळीवरून पुढची तपासणी आठवड्याने करायची, रोज करायची की बाळ आजच बाहेर काढायचं, हे ठरतं. म्हणून ‘मागच्या आठवड्यातच तर सोनोग्राफी केली’ म्हणून पुढची टाळू नका.

वाढ खुंटलेल्या बाळाला पोटात ठेवावं की बाहेर काढावं, हा डॉक्टरांपुढचाही अवघड प्रश्न असतो. आत राहिलं तर उपासमार, बाहेर आलं तर कच्ची फुप्फुसं. एक-एक दिवस तोलून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो दोन दिवसांत बदलला म्हणून आधीचा चुकीचा होता असं होत नाही.

बाळाची हालचाल कमी वाटते, पण सगळे म्हणतात शेवटी जागा कमी पडते.

ही समजूत घातक आहे. शेवटच्या दिवसांत हालचालीचा प्रकार बदलतो. लाथा कमी, लोळणं आणि ढकलणं जास्त. पण हालचाल प्रसूतीपर्यंत टिकते. ठरावीक आकडा मोजत बसण्यापेक्षा तुमच्या बाळाची रोजची वेळ आणि जोर ओळखून ठेवा. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्या, आणि शंका राहिली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. सकाळपर्यंत थांबू नका. घरच्या यंत्रावर ठोके ऐकू आले म्हणून निर्धास्तही राहू नका. थकत चाललेल्या बाळाचे ठोकेही ऐकू येतात.

पूर्ण बेड रेस्ट घेतली तर दिवस भरतील ना?

निव्वळ पडून राहिल्याने प्रसूती पुढे ढकलली जाते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू जातात, मन खचतं. जड ओझं आणि तासन्‌तास उभं राहणं टाळावं, पण घरात हिंडावं. गर्भाशयाचं तोंड आखूड असेल, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आत, तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा त्या तोंडाला घातलेला टाका यांचा खरा उपयोग होतो. महिनोन्‌महिने खाटेला खिळवून ठेवणं हा बाईवर केलेला अन्याय आहे, असं मला स्पष्टपणे वाटतं.

जुळं आहे. काय वेगळं करायचं?

पहिला प्रश्न विचारा: वार एक की दोन? याचं खात्रीचं उत्तर ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत मिळतं, नंतर ते अवघड होतं. दोन वारा असतील तर धोका कमी. एकच वार असेल तर तिच्यातल्या जोडवाहिन्यांमधून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकतं. एकाचं पाणी आटतं, दुसऱ्याचं भरमसाट वाढतं. म्हणून १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. वेळेत सापडलं तर पोटातच लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात.

आधी सिझेरियन झालंय आणि आता वार खाली आहे म्हणतात.

पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींत गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. ती तिथेच राहिली आणि जुन्या टाक्यांच्या वणावर बसली, तर स्नायूत रुतण्याची शक्यता असते. अशी वार प्रसूतीनंतर सुटत नाही, ओढली तर प्रचंड रक्तस्राव होतो. हे आधी कळलं तर रक्ताची तयारी, अनुभवी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यासह ठरवून शस्त्रक्रिया करता येते. न दुखता अंगावरून लाल रक्त गेलं तर थेंबभर असलं तरी निघा.

निगेटिव्ह रक्तगटाचं इंजेक्शन पहिल्या खेपेला घेतलं नाही तर चालेल?

चालणार नाही. पहिलं बाळ सहसा सुटतं, पण त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळून तयार झालेली प्रतिपिंडं पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फोडतात. बाळाचे वडील पॉझिटिव्ह असतील तर हे इंजेक्शन (अँटी-डी) साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत घ्यायचं. गर्भपात झाला किंवा रक्त गेलं तरी विचारा.

प्रसूती जवळच्या दवाखान्यात करावी की एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या मोठ्या रुग्णालयात?

या सगळ्या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता असेल, बाळाला जन्मजात व्यंग असेल, वार रुतलेली असेल किंवा आईचं बीपी हाताबाहेर जात असेल, तर बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या ठिकाणी हलवावं. आधी इथे जन्मू दे, मग लागलं तर नेऊ, हा विचार महागात पडतो.

१२०० ग्रॅमचं बाळ गाडीतून नेताना काय होतं ते पाहा. त्याच्या अंगावर चरबी जवळपास नसते, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. दार उघडल्यावरच्या झुळकेनेसुद्धा त्याचं तापमान उतरतं. थंड पडलेलं बाळ साखर आणि ऑक्सिजन दोन्ही भराभर संपवतं, श्वास आणखी जड होतो. धक्क्यांनी आणि बीपीच्या चढउतारांनी मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. हे सगळं आयुष्याच्या पहिल्या तासांत. आईच्या पोटात त्याच प्रवासात त्याला ऊब, रक्त, ऑक्सिजन सगळं आपोआप मिळालं असतं.

म्हणून सातव्या महिन्यातच डॉक्टरांना थेट विचारा: इथे रात्री सिझेरियन होतं का? रक्त मिळतं का? बाळाला श्वासाचं यंत्र आहे का? किती आठवड्यांची बाळं इथे सांभाळली जातात? असे प्रश्न विचारणं हा डॉक्टरांवरचा अविश्वास होत नाही. चांगले डॉक्टर उलट स्वतःच सांगतात की इथवर आम्ही सांभाळू, यापुढे तिकडे जा.

कळा लवकर सुरू झाल्या तर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. स्टेरॉइड बाळाला वाईट नाही का?

स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण दिवस भरायच्या आत जन्मणाऱ्या बाळांना वाचवणाऱ्या उपायांत याचा नंबर फार वरचा आहे. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच कारणासाठी प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेली कोकरं फार आधी जन्मूनही श्वास घेत राहिली, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये गर्भवतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती लवकरच होईल असं दिसलं तर बीटामेथासोनची २४ तासांच्या अंतराने दोन, किंवा डेक्सामेथासोनची १२ तासांच्या अंतराने चार इंजेक्शनं देतात. फुप्फुसं लवकर पिकतात, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. पहिलं इंजेक्शन दिल्यावर २४ तास मिळाले तर उत्तम, पण कमी वेळ असला तरी सुरुवात करतात. उगीच पुन्हा पुन्हा मात्र द्यायचं नसतं.

प्रसूती ३२ आठवड्यांच्या आत होणार असेल तर मॅग्नेशियमही देतात, या वेळी बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी.

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे खरं का?

साफ खोटं. ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लेखनातही आहे, म्हणजे किती जुनी ते बघा, पण जुनी असली म्हणून खरी होत नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३२ चं, आणि ३२ पेक्षा ३५ चं बाळ बळकट. या समजुतीपायी आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळावर उपचार करायला कचरणारी माणसं असतात, आणि हे वाचवता येणारं बाळ असतं, म्हणून मला याचा राग येतो.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये साडेचौतीस आठवड्यांचा, २ किलोंहून थोडा जास्त वजनाचा जन्मला आणि श्वासाच्या त्रासाने ३९ तासांत गेला. त्या वेळी सर्वांत बलाढ्य घरातही उपाय नव्हता. आज तेवढं बाळ सुसज्ज ठिकाणी जन्मलं तर जवळपास नक्की वाचतं.

बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही. मेंदूला इजा झाली असेल का?

लगेच सांगता येत नाही. पुष्कळ बाळं पाठ चोळल्यावर, अंग पुसल्यावर रडतात. काहींना पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागतो, तो पहिल्या मिनिटातच सुरू व्हायला हवा. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताठपणा आणि श्वास यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. पहिल्या मिनिटाचा कमी आकडा पाचव्याला ७ च्या वर गेला तर घाबरण्यासारखं नसतं. आकडा दहाव्या मिनिटालाही फार खाली असेल, बाळ सुस्त असेल किंवा झटके येत असतील तर काळजी. दिवस भरलेल्या अशा बाळाला ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसला थंड ठेवल्याने मेंदूची हानी कमी होते, पण हे जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करावं लागतं. इथेही पुन्हा वेळच.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही.

विचारा, तुमचा हक्क आहे. पेटी मुख्यतः ऊब आणि ओलावा देते. नाकात दोन छोट्या नळ्या दिसत असतील तर ते बहुधा सीपॅप असतं. दाबाने हवा देऊन फुप्फुसाचे फुगे मिटू न देणं हे त्याचं काम. कच्च्या फुप्फुसात फुगे उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ कमी असतो, तो नळीने आत सोडता येतो. बाळ मधेच श्वास घ्यायला विसरतं, त्यासाठी चक्क कॅफीन देतात. निळा प्रकाश कावीळ उतरवण्यासाठी. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या बाळाच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा आहे, तिथून हा उपचार निघाला.

पायाला गुंडाळलेली लाल दिव्याची पट्टी रक्तातल्या ऑक्सिजनचा जो आकडा दाखवते तो बघून आई-बाप हमखास विचारतात, ९२ का, १०० का करत नाही? मुद्दामच करत नाहीत. जास्त ऑक्सिजनने कच्च्या डोळ्यांच्या पडद्यात वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि दृष्टी जाऊ शकते. ऑक्सिजनवर असलेल्या अशा बाळाचं प्रमाण साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवायचं असतं.

चोखता येत नाही म्हणतात, मग माझ्या दुधाचा काय उपयोग?

खूप. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ सुमारे ३४ आठवड्यांनंतर जमतो. तोवर दूध नाकातोंडातल्या नळीने, नंतर वाटी-चमच्याने देतात. सुरुवातीला एका वेळी १-२ मिलीही असेल. पहिल्या दिवसाचं पिवळसर चिकाचं दूध गालाच्या आत बोटाने लावलं तरी त्याचं मोल आहे. लवकर जन्मलेल्या बाळांची आतडी सडण्याचा एक भयंकर आजार असतो, त्यापासून आईचं दूध जितकं वाचवतं तितकं डब्यातलं वाचवत नाही. पहिल्या सहा तासांतच दूध काढायला लागा, दिवसाला आठ-दहा वेळा, रात्रीही एकदा. पहिले दोन दिवस थेंबच येतात. ते तसंच असतं.

इतक्या नाजूक बाळाला छातीवर धरलं तर जंतुसंसर्ग होणार नाही?

कमी होतो. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली, तीही पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, आणि ते आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्या-जन्मल्या असं धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता रोज किमान ८ तास सांगते. वडिलांनो, तुम्हीही हे करू शकता, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा याने तुम्हालाही बरं वाटेल.

पुढे बाळ नीट वाढेल ना? बुद्धी, डोळे?

३२ आठवड्यांनंतर जन्मलेली बहुतेक बाळं इतर मुलांसारखीच वाढतात. २८ च्या आतल्यांत चालणं, ऐकणं, शिकणं यांत अडचणीचं प्रमाण जास्त असतं, आणि त्या लवकर ओळखून व्यायाम-उपचार सुरू केले तर फरक पडतो. डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत झालीच पाहिजे. एक तारीख चुकली तर दृष्टी जाऊ शकते. ऐकण्याची चाचणीही करून घ्या.

वाढ मोजताना वय दुरुस्त करा. १० आठवडे आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबाने सुमारे पावणेचार महिन्यांचं असतं. शेजारच्या मुलाशी तुलना करून रडण्याआधी हे गणित करा. साधारण दोन वर्षांपर्यंत ते चालतं. लसी मात्र सहसा जन्मतारखेनुसारच.

घरी आणल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

दूध पिणं एकदम कमी होणं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास किंवा छाती आत ओढली जाणं, अंग थंड किंवा तापलेलं, झटके, हालचाल मंदावणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं. लहान बाळाला ताप न येता ते थंड पडणं हेही संसर्गाचं लक्षण असतं. एकही दिसलं तर वाट न पाहता न्या.

माझ्यामुळे असं झालं का?

जवळपास प्रत्येक आई हे मनात विचारते. जिना चढलीस, नोकरी केलीस, भांडलीस, काळजी केलीस, यामुळे वार बिघडत नाही आणि पिशवीचं तोंड उघडत नाही. घरातलं कोणी तसं म्हणत असेल तर त्याला हे पान वाचायला द्या. रोज रडू येणं, झोप न लागणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा.

बाळ गेलं, किंवा फार कठीण गेलं. पुढच्या वेळीही असंच होईल का?

धोका थोडा वाढतो, पण पुढचं गरोदरपण सुरळीत पार पडणाऱ्या बायकाच जास्त असतात. कारण शोधणं महत्त्वाचं: वारेची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, शक्य असेल तर बाळाची तपासणी. त्या वेळी हे नकोसं वाटतं, तरी पुढचा बेत त्यावरच ठरतो. पहिल्या खेपेला बीपीचा गंभीर त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात, त्याने तो पुन्हा होण्याची शक्यता घटते. उशिरा, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू केलं तर तसा उपयोग होत नाही. जिवंत बाळंतपणानंतर दोन खेपांत शक्यतो दोन वर्षांचं अंतर ठेवा. बाळ गेलं असेल तर किती थांबायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. साखर, बीपी, थायरॉइड दिवस राहण्याआधीच आटोक्यात आणा आणि फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्या. जुनी फाइल, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल जपून ठेवा, आणि पाळी चुकल्यावर पहिल्याच भेटीला ते सगळे बरोबर घेऊन जा.